मेहरबाईंच्या नावानं

लेडी मेहरबाई टाटा म्हटलं की लोकांना हिरा आठवतो. २४५ कॅरटचा तो ज्युबिली हिरा दोराबजींनी पत्नीसाठी घेतला होता. १९२४ साली पोलादाचा कारखाना बुडायच्या बेतात आला, तेव्हा आपल्या इतर खासगी मालमत्तेबरोबर तोही त्यांनी इंपीरियल बँकेकडे तारण ठेवला. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगून झाली आहे. या दांपत्याची त्याहून मोठी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१८ जून १९३१ रोजी मेहरबाई वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात गेल्या. वय ५१. साडी नेसून टेनिस खेळणारी, बालविवाहबंदीच्या कायद्यासाठी झटणारी ही बाई ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं नेली. डॉक्टरांच्या हाती तेव्हा क्ष-किरण आणि आर्सेनिक यांपलीकडे फारसं काही नव्हतं. त्यांनी आजार काही काळ दबायचा, बरा व्हायचा नाही. एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. पत्नीच्या इंग्लंडमधल्या कबरीकडे जायला ते निघाले आणि ३ जूनला वाटेतच, जर्मनीत बाड किसिंगेनला वारले.

या ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाच हिस्से. चार जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनाला, पाचवा भारतात रोगपीडा कमी करणाऱ्या संशोधनाला. ज्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं, त्या देशातल्या माणसानं आपला पैसा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला खुला केला! औषध कुठेही सापडलं तरी ते सर्वांचंच, एवढी साधी समजूत त्यामागे असावी. आज या पैशाचा मोठा वाटा उमेदवारीच्या काळातल्या संशोधकांकडे जातो. भारतात पीएच.डी. करणाऱ्यांनाही त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात.

तरुणांनाच का, याचं उत्तर सरकारी अनुदानाच्या रीतीत आहे. सरकारला करदात्याचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून ते आधी केलेलं काम मागतं. ज्याला अजून कामच सुरू करायचं आहे त्यानं काय दाखवायचं? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं पहिलं मोठं स्वतंत्र अनुदान हाती पडेपर्यंत सरासरी वयाची चाळिशी उलटलेली असते. नवी नजर असते ती त्याआधीच्या वर्षांत. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना ल्युकेमियाच्या एका प्रकारात एक आखूड झालेलं गुणसूत्र दिसलं. नॉवेल जेमतेम तिशी ओलांडलेले, तर हंगरफर्ड अजून पीएच.डी.चे विद्यार्थी. त्याच धाग्यावरून पुढे इमॅटिनिब ही गोळी आली, २००१ मध्ये. हे काम टाटांच्या निधीतलं नव्हे. पण एका विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसू दिलं, तर चाळीस वर्षांनी काय हाती येतं, ते यातून कळतं.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. पुण्याच्या कमल समर्थ फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. शेतकी महाविद्यालयात त्यांचं एम.एस्सी.चं काम होतं सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर. लग्नानंतर कमल रणदिवे झालेल्या या बाई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या. हे रुग्णालय दोराबजींच्याच विश्वस्तनिधीतून उभं राहिलेलं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेलं. सीताफळावर काम केलेल्या मुलीला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जागा देणं हा खानोलकरांचा मोठेपणा. १९४९ ला पीएच.डी. झाली. मग पाठ्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये गेल्या, काचेच्या भांड्यात पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंधही त्यांनी अभ्यासला.

आज अशी कमल कुठल्याशा वसतिगृहात असेल. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७ हजार आणि वरिष्ठ संशोधकाला ४२ हजार रुपये मिळतात, तेही निवड झाली तर. मुदत संपली, प्रबंध लांबला, की घरून पैसे मागवायचे. त्या टप्प्यावर हुशार मुलं विषयच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे दानत कमी नाही. कर्करोगानं माणूस गेलं की घरची मंडळी त्याच्या नावानं रुग्णालयाला खाट देतात, यंत्र देतात, खोली बांधतात. ते हवंच आहे. पण हिशेब करून पाहा: पहिली दोन वर्षं ३७ हजारांनी, पुढची तीन ४२ हजारांनी, घरभाडं भत्ता सोडून एका संशोधकाच्या पाच वर्षांचे २४ लाख रुपये होतात. दहा नातेवाइकांनी मिळून उचलावी एवढी ही रक्कम आहे, आणि ती एकदम द्यावी लागत नाही. पुढच्या वेळी देणगी द्याल तेव्हा सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा: ही रक्कम तरुण संशोधकाच्या पाठ्यवृत्तीसाठी वापरावी.