जलाशयातील प्राणवायू : मत्स्यपालनाचा अदृश्य आधार

सोलापूर जिल्ह्यात पाण्याचा विचार प्रामुख्याने परिमाणाच्या दृष्टीने केला जातो. पाऊस किती झाला, तलाव किती भरला, उजनीत किती साठा आहे, याकडे सर्वांचे लक्ष असते. अवर्षणप्रवण प्रदेशात हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या पाण्यात मासे वाढवावयाचे, त्या पाण्याची आणखी एक मोजणी आवश्यक ठरते. ती म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. तळे काठोकाठ भरलेले असूनही हा प्राणवायू संपला, तर एका रात्रीत वर्षभराचे मत्स्योत्पादन नष्ट होऊ शकते. अशा वेळी तळ्यात कोणी विष कालविले असा संशय बळावतो व त्यातून गावात तंटे उद्भवतात. म्हणून या विषयाची माहिती मत्स्यसंवर्धकांप्रमाणेच पंचायत सदस्यांना व शिक्षकांनाही असणे इष्ट होय.

पाण्याची मर्यादित शिदोरी

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. पाण्यात मात्र तो फारच थोडा विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. तापमान ३५ अंशांवर गेले की हे प्रमाण सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी पडतो व या आकड्यांत आणखी सुमारे पाच टक्क्यांची घट होते. उलटपक्षी, पाणी तापले की माशांची प्राणवायूची गरज वाढते. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, ती अशी.

कटला, रोहू, मृगळ यांसारख्या माशांच्या निकोप वाढीसाठी दर लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायू असावा. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे खाणे कमी करतात व मंदावतात. १ मिलिग्रॅमच्या आसपास त्यांचा जीव धोक्यात येतो.

दिवसाची कमाई, रात्रीचा खर्च

पाण्याला प्राणवायू दोन मार्गांनी मिळतो. वाऱ्याने व लाटांनी हलणाऱ्या पृष्ठभागातून हवेतील प्राणवायू आत शिरतो, आणि सूक्ष्म शेवाळे व पाणवनस्पती सूर्यप्रकाशात तो निर्माण करतात. सूर्यास्तानंतर दुसरा मार्ग बंद होतो. मात्र मासे, शेवाळे आणि तळाच्या गाळातील जिवाणू यांचे श्वसन रात्रभर चालूच राहते. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वात कमी असतो. खत व सांडपाणी यांमुळे ज्या तळ्याचे पाणी गर्द हिरवे झाले आहे, तेथे दुपारी प्राणवायूची रेलचेल आणि पहाटे दुर्भिक्ष, असा टोकाचा फरक आढळतो.

ढगाळ दिवस लागोपाठ आले तर दिवसाची कमाईच घटते. उन्हाळ्याच्या अखेरीस पडणारा पहिला जोरदार पाऊसही कधी कधी घातक ठरतो. तापलेले हलके पाणी वर व थंड पाणी खाली, अशी थरांची रचना पावसाने मोडते आणि तळाचे प्राणवायूविरहित पाणी वर मिसळते. निर्माल्य, पालापाचोळा व गटारांचे पाणी तळ्यात गेल्यास ते कुजविणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. जलपर्णीचे दाट आच्छादन तर प्रकाश व वारा दोन्ही अडविते.

सोलापूरच्या मध्यभागी असलेला सिद्धेश्वर तलाव, एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुख तलाव, भीमेवरील १९८० मध्ये पूर्ण झालेला उजनी जलाशय आणि गावोगावची शेततळी यांचे आकारमान भिन्न असले, तरी हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. शेततळे लहान व वाऱ्यापासून आडोशाला असल्याने तेथे धोका अधिक संभवतो.

विष की गुदमर?

प्राणवायूच्या अभावाची लक्षणे ओळखता येतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. बहुधा मोठे मासे आधी मरतात, लहान काही काळ तग धरतात. सूर्य वर आल्यावर मरण्याचे प्रमाण थांबते. विषबाधेत मात्र वेळेचे असे बंधन नसते. लहानमोठे मासे, बेडूक व पाणकिडेही बळी पडतात. कोणावर आरोप करण्यापूर्वी पंचायतीने या खुणा पाहाव्यात व पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा.

उपाययोजना

संकटकाळी तळ्याचेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पृष्ठभागावर सोडावे. विहिरीचे अथवा विंधन विहिरीचे पाणी घ्यावयाचे असल्यास तेही उंचावरून पाडावे, कारण भूगर्भातील पाण्यात प्राणवायू अल्प असतो. त्या दिवशी खाद्य व शेणखत देऊ नये. मोठ्या तळ्यात पात्यांचा एअरेटर उपयुक्त ठरतो. तो मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालविणे श्रेयस्कर. कायमच्या उपायांत मत्स्यबीज प्रमाणात सोडणे, तळे आटल्यावर गाळ काढणे, सांडपाणी अन्यत्र वळविणे आणि जलपर्णी बाहेर काढून टाकणे यांचा समावेश होतो. फवारणीने जलपर्णी मारून ती पाण्यातच कुजू दिल्यास रोगापेक्षा उपाय भयंकर ठरतो.

मत्स्यालय : घरातील छोटे तळे

हेच शास्त्र शाळेतील अथवा घरातील काचेच्या मत्स्यालयात स्पष्ट पाहावयास मिळते. समुद्री माशांचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांनी तर अधिकच दक्षता घ्यावी. २५ अंशांना गोड्या पाण्यात ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात केवळ ६.८. हवेच्या पंपातून निघणारे बुडबुडे पाण्याला प्राणवायू देतात हा समज अर्धसत्य आहे. त्यांचे मुख्य कार्य तळाचे पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणे हे होय. म्हणून टाकी उंच व अरुंद असण्यापेक्षा पसरट असावी, झाकण घट्ट नसावे, मासे मोजके असावेत आणि न खाल्लेले अन्न काढून टाकावे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढावे. मीठ मागे उरत असल्याने खारे पाणी घातल्यास क्षार वाढतात. वीज खंडित होण्याची शक्यता लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा.

हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली प्राणवायू मोजण्याची पद्धत माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत करून दाखविता येते. मँगेनीज सल्फेट व अल्कयुक्त आयोडाइड मिसळताच प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो. प्राणवायू नसल्यास तो पांढराच राहतो. पुढील टप्प्यात तीव्र आम्ल लागत असल्याने ते शिक्षकांनीच हाताळावे. गावच्या तळ्याचे पाणी पहाटे व दुपारी घेऊन विद्यार्थ्यांनी हा फरक नोंदविला आणि ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवली, तर तळ्याच्या व्यवस्थापनास शास्त्रीय आधार लाभेल व मत्स्यसंवर्धकांचे नुकसान वेळीच टाळता येईल.