भाडेवाढीचे यंत्रगणित

ज्या करारनाम्यात दरवर्षी ठराविक प्रमाणात भाडे वाढविण्याची अट असते, त्यातील वाढीची तारीख ध्यानात ठेवून वेळेवर आकारणी करण्याचे जे काम पूर्वी मालकाच्या वहीवर आणि कारकुनाच्या दक्षतेवर अवलंबून असे, ते आता संगणकाची आज्ञावली करू लागली आहे. मूळ भाडे, वाढीचा दर, अंमलाची तारीख आणि दोन वाढींमधील अंतर एवढ्या चार बाबी एकदा नोंदविल्या, की ती रोज दिनांक पडताळते आणि मुदत भरताच नव्या रकमेचे बिल तयार करते.

खरा विवेक लागतो तो वाढ कोणत्या रकमेवर मोजावयाची हे ठरविताना. २०,००० रुपयांवर वार्षिक ५ टक्के वाढ दरवेळी चालू भाड्यावर आकारली, तर दहाव्या वाढीनंतर भाडे सुमारे ३२,५७८ रुपये होते. मूळ भाड्यावरच आकारली, तर ते ३०,००० रुपये होते. करारातील शब्द संदिग्ध असतील, तर यंत्र ती संदिग्धता दूर करीत नाही; नोंद करणाऱ्याने गृहीत धरलेला अर्थच प्रमाण मानून ते दरमहा वसुली करीत राहते.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये त्याच्या कक्षेतील जागांच्या भाड्यात मालकास वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. अशी मर्यादा आज्ञावलीत आरंभीच नोंदविलेली असावी. मालकांनी वाढीपूर्वी हिशेबासह लेखी सूचना द्यावी, आणि भाडेकरूंनी ती करारनाम्याशी ताडून पाहूनच रक्कम भरावी.