इफ्तारच्या पेल्यात गरम सफरचंद

चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचे, त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१६ ते २०१९ या वर्षांत रोजे मे-जूनच्या उन्हात होते. तेव्हा मगरिबची अजान झाली की हात आधी बर्फ घातलेल्या गुलाबी शरबताकडे जायचा. यंदा, २०२६ मध्ये, महिना फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला आहे. दुपारी ऊन आणि पहाटे गारवा, असे हे दिवस. पुढची काही वर्षे तर रमजान थेट थंडीत शिरणार आहे. २०३० मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात सुरू होतील. थंडीत दिवसभराच्या रिकाम्या पोटी आणि कोरड्या घशाखाली बर्फाचे शरबत उतरवणे अनेकांना जड जाते. मग चहा आहेच. पण उपाशी पोटी कडक चहा घेतला की काहींना पित्त होते. दस्तरखानावर फळांची ताटली तर रोज असतेच. त्यातल्या सफरचंदाचे मसाला घालून गरम पेय करता येते.

हे पेय आपल्याकडचे नाही. इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेचा उत्तरपूर्व भाग हे त्याचे घर. तिथे शरद ऋतूत सफरचंदांचा हंगाम येतो, पाठोपाठ कडाक्याची थंडी. सफरचंदाचा रस दालचिनी, लवंग, जायफळ घालून मंद आचेवर तापवायचा आणि वाफाळता प्यायचा, ही तिथली जुनी रीत. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात १७ जानेवारीच्या आसपास गावकरी सफरचंदाच्या बागेत जमतात, झाडांच्या फांद्यांवर त्या पेयात भिजवलेले पावाचे तुकडे ठेवतात आणि पुढच्या वर्षी चांगले पीक येवो म्हणून गाणी म्हणतात. या प्रथेचे नाव ‘वासेल’. मूळ अर्थ ‘निरोगी राहा’. उर्दूतल्या ‘सलामत रहो’ची आठवण व्हावी असा.

मात्र इथे एका शब्दाशी जपून वागायला हवे. तो शब्द ‘साइडर’. अमेरिकेत नुसते ‘साइडर’ म्हटले की बहुधा न गाळलेला, तपकिरी रंगाचा ताजा रस समजला जातो. मिशिगन, व्हरमाँटकडे साइडरच्या गिरण्या आहेत, तिथे तो गरम करूनही मिळतो. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ सफरचंदाची दारू. अमेरिकेतही पूर्वी तोच अर्थ होता. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे गेल्यावर बिनदारूच्या रसाला ‘साइडर’ आणि दारूला ‘हार्ड साइडर’ ही विभागणी तिथे पक्की झाली. शिकायला परदेशी गेलेली आपली मुले डिसेंबरच्या बाजारात ‘मल्ड साइडर’ची पाटी पाहून, गरम रस समजून पेला उचलतात, तेव्हा हा फरक कामाचा ठरतो. रोजा असो वा नसो, घरी दारू न चालणाऱ्या कोणत्याही धर्माच्या मुलाला तो ठाऊक असावा. जर्मनीत ‘किंडरपुंश’, म्हणजे मुलांचे पेय, मागावे; त्यात दारू नसते. ‘ग्ल्यूवाइन’ ही मात्र गरम दारूच. शंका असेल तर सरळ विचारावे, यात लाज कसली?

भाषाप्रेमींना आणखी एक गंमत सापडेल. ‘साइडर’ हा शब्द फ्रेंच-लॅटिनमधून मागे मागे जात हिब्रूतल्या ‘शेखार’पाशी पोचतो. शेखार म्हणजे मादक पेय. अरबीतला ‘सकर’ म्हणजे नशा आणणारी गोष्ट, हा त्याच मुळाचा भाऊ. आपल्या ‘शक्कर’शी मात्र त्याचे नाते नाही, ती संस्कृत शर्करेची लेक.

आता कृती. चार जणांसाठी मध्यम आकाराची चार सफरचंदे, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, आणि एक लिटर पाणी घ्यावे. या दिवसांत बाजारात येणारे काश्मीर-हिमाचलचे फळ बहुतेक शीतगृहातले असते, क्वचित आतून पिठूळ निघते. खायला नको वाटणारे असे फळ या कामाला उत्तम. फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे, कारण चकाकीसाठी वर मेणाचा थर दिलेला असू शकतो. साल ठेवावी, रंग तिच्यातून येतो. मधला बियांचा भाग मात्र काढून टाकावा. बिया चिरडल्या गेल्या तर त्यांतून सायनाइड तयार होऊ शकते. चुकून एखादी बी अख्खी गिळली तर काही बिघडत नाही, पण मिक्सरमध्ये ती जाता कामा नये.

फोडी स्टीलच्या पातेल्यात पाण्यासह चढवाव्यात. दोन इंच दालचिनी, चार लवंगा, ठेचलेल्या दोन वेलच्या, आल्याचा छोटा तुकडा आणि असेल तर संत्र्याच्या सालीची एक पट्टी. लवंगेचा हात आवरावा. दहा-बारा पडल्या की जीभ बधिर होते आणि सफरचंद कुठल्या कुठे जाते. झाकण ठेवून मंद आचेवर २५-३० मिनिटे शिजू द्यावे. खळखळ उकळले तर सुवास वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो, पेल्यात फारसा उरत नाही. फोडी मऊ झाल्या की पळीने घोटून गाळावे. गोडीसाठी बी काढलेले दोन-तीन खजूर फोडींबरोबरच शिजवले तर गुळाची गरज पडत नाही. वरून जायफळ दोनदा किसणीवर ओढावे, बस्स.

चवीत एक उणीव हमखास राहते. युरोपात या पेयाला आंबट, तुरट जातीची फळे वापरतात. आपल्या बाजारातले डेलिशियस जातीचे फळ नुसते गोड. म्हणून आच बंद केल्यावर अर्धे लिंबू पिळावे, किंवा शिजताना एक आमसूल टाकावे. आमसुलाने रंगही खुलतो आणि पेय थोडे कोकणी होते. हे सगळे असरच्या सुमारास उरकून थर्मासमध्ये भरून ठेवले की भजी तळण्याच्या गडबडीत त्याच्याकडे बघावे लागत नाही. उरलेला पेला तरावीहनंतर.

महिनाभर रोज करणार असाल तर दालचिनीकडे नीट पाहा. हा शब्द फारसीतून आला आहे: दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचे. किराणा दुकानात स्वस्तात मिळणारी जाड, टणक, एकाच पदराची साल बहुधा खरोखर त्या बाजूची असते. तिला कॅशिया म्हणतात. खरी दालचिनी श्रीलंका-केरळकडची: पातळ, अनेक पदर गुंडाळलेली, बोटांनी चुरडणारी, वासाला मंद आणि गोडसर. कॅशियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते सतत पोटात गेले तर काहींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. चार जणांत एक तुकडा उकळून गाळल्याने घाबरण्याचे कारण नाही. पण चमचाभर दालचिनी पूड रोज पेल्यात ढवळून पिणे शहाणपणाचे नव्हे, आणि यकृताचे रुग्ण किंवा रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे यांनी डॉक्टरांना विचारावे. खरी दालचिनी फार लांबही शोधावी लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जात काढली आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांमध्ये दालचिनी आणि जायफळ घेतले जाते.

मधुमेहींसाठी दोन शब्द. ६०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ६० ग्रॅम साखर असते, म्हणजे पेल्यामागे जास्तीत जास्त १५ ग्रॅम. खजूर घातले की आकडा वाढतो. गाळताना चोथा जातो आणि साखर पेल्यात राहते. म्हणून त्यांनी खजूर-गूळ टाळून, न गाळता, अर्धाच पेला घ्यावा. खोक्यातले तयार पेय घ्यायचे तर वेष्टनावर फळाच्या रसाचे प्रमाण वाचावे. मोठ्या अक्षरांतले सफरचंदाचे चित्र आणि बारीक अक्षरांतला आकडा यांचे नेहमी जमतेच असे नाही.

इफ्तारला शेजारी बोलावले तर हे पेय सोयीचे पडते, त्यात कुणाला वर्ज्य असे जवळपास काही नाही. जैन शेजाऱ्यांसाठी आले वगळून सुंठ घालावी. आणि जे सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत त्यांच्याकडे थर्मास अजानीच्या आधीच पोहोचवावा. संकष्टीचा उपवास असेल तर कोणता मसाला चालतो ते त्या घराला विचारावे, प्रत्येकाची रीत निराळी.

गंमत म्हणजे देशातली बहुतेक सफरचंदे ज्या काश्मिरातून येतात, तिथे हे पेय नाही. तिथे समोवारमध्ये दालचिनी, वेलची, केशर घातलेला कहवा असतो, आणि सफरचंद वांग्याबरोबर भाजीत पडते किंवा चकत्या वाळवून थंडीसाठी ठेवले जाते. पण त्या बागायतदारांचे खरे दुखणे डागी फळ हेच. गेल्या सप्टेंबरमध्ये पावसाने जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, सफरचंदांनी भरलेले ट्रक कित्येक दिवस अडकले आणि माल पेट्यांतच सडला. उतरत्या प्रतीचे फळ रसाच्या कारखान्याकडे कवडीमोलाने जाते. आपल्याकडच्या हातगाडीवाल्याचेही तसेच: इफ्तारची गर्दी ओसरली की गाडीच्या कोपऱ्यात दबलेली, डाग पडलेली चार-पाच सफरचंदे उरतात आणि तो ती मागाल त्या भावाला देतो. डाग तेवढा कापून टाकावा, बुरशी लागलेले फळ मात्र अजिबात घेऊ नये. गाळून उरलेला चोथाही टाकण्यासारखा नसतो. लवंग, दालचिनी, वेलचीची टरफले आणि आमसूल वेचून तो कणकेत मळला की सहरीसाठी मऊ, गोडसर दशम्या होतात.