वटवाघळांचं नवं घर: सक्तीने नव्हे, मर्जीने

फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल इथल्या आवारातला जॉन्सन हॉल 1987 मध्ये जळाला आणि त्याच्या माळ्यावरची वटवाघळं बेघर झाली. त्यांनी जवळच्या स्टेडियममध्ये बस्तान बसवलं. लेंड्यांच्या वासाने प्रेक्षक हैराण झाले. 1991 मध्ये लेक ॲलिससमोर उंच खांबांवर लाकडी घर बांधून वटवाघळं पकडून त्यात सोडली गेली. ती लगेच निघून गेली. 1995 मध्ये मात्र आपणहून राहायला आली, आणि इतकी वाढली की 2009 मध्ये त्यांच्याच भाराने घराचा आतला भाग कोसळला. नंतर घर दुरुस्त झालं, शेजारी दुसरंही उभं राहिलं. आता तिथे लाखो वटवाघळं राहतात.

म्हणून हाताने पकडून नेण्यापेक्षा दार एकतर्फी करणं कितीतरी बरं. वटवाघळं इमारतीत ज्या फटीतून ये-जा करतात, तिच्यावर बारीक जाळी वरून आणि बाजूंनी घट्ट बसवतात, खालची कड मोकळी सोडतात. संध्याकाळी वटवाघूळ जाळीमागून खाली सरपटत बाहेर पडतं; पहाटे परतल्यावर त्याला फट सापडत नाही. पर्यायी घर जवळच, आधीपासून तयार हवं. जाळी किमान चार रात्री ठेवायची, त्याही 10 अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसलेल्या. मगच फटी बुजवायच्या. 16 एप्रिल ते 14 ऑगस्ट या काळात फ्लोरिडात याला कायद्याने बंदी आहे, आणि ती अगदी रास्त आहे: तेव्हा आत उडता न येणारी पिल्लं असतात, आई बाहेर अडकली, तर ती उपाशी मरतात.