सारंग आणि कुरंग : बारामती-इंदापूर परिसरातील चिंकाऱ्याच्या संदर्भात

बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. नाव मोरगावच्या गणपतीचे असले तरी त्याची ओळख चिंकाऱ्यामुळे आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळही याच प्राण्यासाठी परिचित आहे. व्यवहारात मात्र चिंकारा, काळवीट, सांबर, चितळ या साऱ्यांनाच 'हरीण' म्हटले जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन भिन्न कुळे होत.

पुणे जिल्ह्यातच ही दोन्ही कुळे आढळतात. भीमाशंकरच्या जंगलातील सांबर व भेकर हे सारंग कुळातील. माळावरील चिंकारा हा कुरंग, म्हणजे गाय-शेळीच्या गोतातला. भेदाची मुख्य खूण शिंग हीच आहे. सारंगांचे शिंग भरीव हाडाचे व बहुधा फाटे फुटलेले असते. वाढीच्या काळात त्यावर रक्तवाहिन्यांनी युक्त मखमली त्वचा असते. पुढे ती सुकून झडते आणि कालांतराने शिंगही गळून नवे उगवते. रेनडियरचा अपवाद वगळता ते नरालाच येते. कुरंगाचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले केराटिनचे पोकळ आवरण. त्याला फाटे फुटत नाहीत आणि ते आयुष्यभर गळत नाही. चिंकाऱ्याच्या मादीलाही बहुधा बारीक, आखूड शिंगे असतात. बाहेरून न दिसणारा आणखी एक भेद असा की, सारंगांना पित्ताशय नसते, कुरंगांना ते असते.

त्यामुळे माळावर 'गळलेले' म्हणून सापडणारे चिंकाऱ्याचे शिंग वस्तुतः त्या प्राण्याच्या मृत्यूची खूण असते. महाविद्यालयीन संग्रहातील जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या या दृष्टीने एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल.

नावांच्या या सरमिसळीचा परिणाम अधिवासाच्या आकलनावरही होतो. 'हरीण' म्हटले की दाट जंगल डोळ्यांसमोर येते. चिंकारा मात्र उघड्या माळाचा रहिवासी. तो एकटा किंवा लहान गटात वावरतो, झुडपांचा पाला व बोरे खातो आणि त्यातील ओलाव्यावर पाण्याविना बरेच दिवस काढतो. दूरवरचे दिसणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. त्याच्या माळाला मात्र 'पडीक' म्हणण्याची रीत पडली आहे. अवर्षणप्रवण भागातील अशा माळांवर चर खोदून ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली. भीमाशंकरच्या सांबराला झाडांचा आडोसा हवा असतो. सुप्याच्या चिंकाऱ्याच्या दृष्टीने तोच आडोसा लांडग्याला दडण्याची जागा ठरतो.