आत शिरण्यापूर्वी बाहेरची वाट

साधे मडके घ्यायचे झाले, तरी आपल्या घरची गृहिणी ते बोटांनी वाजवून पाहते आणि मगच पैसे मोजते. संगणकासाठी नवे सॉफ्टवेअर घेताना मात्र हा शहाणपणा आपण सहसा विसरतो.

आमच्या येथील ग्रंथालयाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. निवृत्त झालेल्या काही मंडळींनी अनेक संध्याकाळी खर्चून पुस्तकांची सूची संगणकावर उतरवली. पुढे संगणक बदलला, सूची उघडली आणि पाहतो तो काय! पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही. सर्वत्र रोमन अक्षरांची खिचडी. त्या काळच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. फाँट गेला की त्याबरोबर मराठीही जाई. वास्तविक १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु घेताना आम्ही ते विचारलेच नाही.

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. आमचीही गत तीच झाली. म्हणून पहिला प्रश्न हाच असावा, की आपला मजकूर उद्या दुसरीकडे नेता येईल काय? विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. दहा-वीस नोंदी भराव्यात, त्या बाहेर काढाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नोंदीही मुद्दाम कसोटीच्या निवडाव्यात. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘ॲटलास’ हे शब्द नीट उमटतात का, ‘ळ’ने अडखळत नाही ना, अकारविल्हे यादी बरोबर लागते का, हे पाहावे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. वार्षिक शुल्क थकले, तर आपल्याच नोंदी आपल्याला दिसतील ना? तिसरा आयुष्याचा. परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांची मुखे ज्या स्काइपवर कित्येक घरांनी पाहिली, तेही ५ मे २०२५ रोजी बंद झाले. नाव मोठे असले म्हणजे आयुष्यही मोठे असतेच असे नाही.

आणि एवढे करूनही जुनी नोंदवही लगेच माळ्यावर टाकू नये. निदान महिनाभर दोन्ही शेजारी-शेजारी चालू द्यावीत. आमची सूची अखेर पुन्हा उभी राहिली, पण एकेक ओळ वाचून, दुरुस्त करून. ज्यांनी ती प्रथम लिहिली होती, त्यांतील काहीजण तोवर आपल्यात नव्हते. सॉफ्टवेअर पुन्हा विकत मिळते, वाचकहो. माणसांच्या त्या संध्याकाळी मिळत नाहीत.