शरीर जे सांगतच नाही

2004 साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या 36 गर्भवती किशोरवयीन मुलींची जननेंद्रियांची तपासणी झाली होती. पोटात गर्भ होता, म्हणजे संबंध आलेला होता, याबद्दल शंकेला जागाच नव्हती. तरीही तपासणीची छायाचित्रं पाहून जाणकार डॉक्टरांना संबंधाची ठाम खूण सापडली ती फक्त 2 मुलींमध्ये. उरलेल्या बहुतेकींचं योनिपटल एक तर नेहमीसारखंच होतं, नाही तर त्यावरून काही ठरवणंच शक्य नव्हतं. ज्या अवयवावर पिढ्यान्‌पिढ्या मुलींची अब्रू तोलली गेली, त्याला त्या मुलीचा इतिहास ठाऊकच नसतो!

मग हे योनिपटल आहे तरी काय? डब्याच्या तोंडावर ताणून बसवलेल्या कागदासारखा पडदा असेल, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात ती योनिमार्गाच्या तोंडाशी, कडेकडेनं असलेली मऊ घडी आहे. मूल पोटात वाढत असताना दोन वेगवेगळ्या भागांच्या सांध्यावर ती तयार होते आणि साधारण जन्माच्या सुमारास तिला मधे वाट मिळते. कुणाची घडी कड्यासारखी गोल, कुणाची चंद्रकोरीसारखी, कुणाची मधे पट्टी असलेली, कुणाची चाळणीसारखी सच्छिद्र. नवजात बाळात आईच्या संप्रेरकांमुळे ती जाडसर असते, बालपणी पातळ होते, वयात येताना पुन्हा जाड आणि लवचीक होते. इजा झालीच तर कित्येकदा काही दिवसांत, व्रणही मागे न ठेवता भरून येते. आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही की, पटल खरोखरच पूर्ण बंद असेल तर वैद्यकशास्त्रात तो दोष मानला जातो. मासिक पाळीचं रक्त आत साचतं, मुलगी पोटदुखीनं बेजार होते आणि छोटी शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करावी लागते. लोकांच्या मनातलं ‘पवित्र’ शरीर म्हणजे डॉक्टरांच्या लेखी उपचाराची गरज असलेलं शरीर.

हे सगळं माहीत असूनही एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना न्यायवैद्यकशास्त्रात ‘कौमार्याची लक्षणं’ असा स्वतंत्र विषय शिकवला जात होता. पुस्तकांत ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ असे प्रकार होते, लक्षणांचे तक्ते होते, परीक्षेत त्यावर प्रश्न येत. मुलाच्या कौमार्याची लक्षणं मात्र कुठेच नव्हती. ही भाषा वर्गात थांबत नसे. विद्यार्थी डॉक्टर होई, बलात्कारपीडितेची तपासणी करी आणि अहवालात लिही, ‘शरीरसंबंधांची सवय असलेली’. त्या एका वाक्याच्या आधारानं न्यायालयात तिच्यावरच चिखलफेक होई. भाषेचा मुद्दा निघाला की हे नुसते शिष्टाचार आहेत असं म्हणणारे भेटतात. त्यांनी पुस्तकातून न्यायालयापर्यंतची ही वाट एकदा बघावी.

ही वाट अडवायला वर्धा जिल्ह्यातून सुरुवात झाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत न्यायवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये पीडितांच्या तपासणीतल्या त्रुटींवर सविस्तर अहवाल तयार केला. तो घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं योनिमार्गात बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ पीडितेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. पण पुस्तकं तशीच राहिली. खांडेकरांनी मग थेट अभ्यासक्रमाला हात घातला. कौमार्याच्या लक्षणांना वैज्ञानिक आधार नाही, हा विषय काढून टाका, असं त्यांनी लेखी कळवलं. 2019 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो अभ्यासक्रमातून वगळला. एका शिक्षकाच्या चिवटपणानं हे घडलं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर समलिंगी जोडप्याचं प्रकरण चालू असताना एमबीबीएसच्या पुस्तकांतली भाषाच चव्हाट्यावर आली. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना गुन्हेगारी आणि विकृतीच्या रकान्यात बसवणारी पुस्तकं भावी डॉक्टरांच्या हातात होती. त्याच ऑक्टोबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं विद्यापीठांना आणि लेखकांना अशा मजकुराबद्दल सूचना दिली. ऑगस्ट 2022 मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि कौमार्य चाचण्या अवैज्ञानिक, अमानुष आणि भेदभाव करणाऱ्या कशा, हे विद्यार्थ्यांना शिकवायचं ठरलं. आणि 2024 च्या नव्या अभ्यासक्रमात जुनं सगळं परत आलं! समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त, योनिपटलाचं न्यायवैद्यकीय महत्त्व पुन्हा जागेवर. ओरड झाली, 5 सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला आणि आठवड्याभरात दुरुस्त होऊन आला. पुसलेली ओळ किती सहज पुन्हा उमटते, हे तेव्हा दिसलं.

काही गोष्टी पुस्तकात चुकीच्या होत्या, काही नव्हत्याच. ऑस्ट्रेलियाच्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी 1998 मध्ये विच्छेदन करून दाखवलं, की भगशिश्न हा अवयव पुस्तकात दाखवतात त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. बाहेर दिसतं ते फक्त टोक, बाकीचा विस्तार आत. माणसानं चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनीही अर्ध्या मानवजातीचा एक अवयव पुस्तकांत नीट रेखाटलेला नव्हता.

गर्भाकडे पाहिलं तर चकित व्हायला आणखी जागा आहे. सुरुवातीच्या काळात काही आठवडे प्रत्येक गर्भात दोन्ही प्रकारच्या नळ्यांच्या जोड्या असतात, गर्भाशयाकडे जाणारी आणि वीर्यवाहिनीकडे जाणारीही. ज्या उंचवट्यातून मुलीचे बृहद्भगोष्ठ घडतात, त्याच उंचवट्यातून मुलाचा अंडकोश. बहुतेकदा गर्भ एका वाटेनं जातो, काहींचा प्रवास मधल्या वाटांनी होतो. अशा बाळांना जुनी पुस्तकं जी नावं ठेवत, ती 2006 मध्ये शिकागोच्या तज्ज्ञ बैठकीनंतर वैद्यकशास्त्रानं सोडली. त्याजागी आलेल्या नावातला ‘विकार’ हा शब्दही अनेकांना मान्य नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा तान्ह्या बाळांवर, जिवाला धोका नसताना, लिंग ‘ठरवणाऱ्या’ शस्त्रक्रियांना मनाई करायला सांगितलं.

आता हे सगळं काल्हेरला आणून पाहा. ठाणे-भिवंडी रस्त्यावरचं हे गाव गोदामांचं आहे. कामासाठी दूरदूरहून आलेली कुटुंबं इथे राहतात. अशा घरातल्या मुलीवर अत्याचार झाला, तर तिला तपासणारा डॉक्टर बहुधा याच राज्यात, नाशिकच्या विद्यापीठाची परीक्षा देऊन आलेला असेल. जवळचं कळव्याचं वैद्यकीय महाविद्यालयही त्याच विद्यापीठाशी जोडलेलं आहे. 2019 च्या आधी शिकलेल्या हजारो डॉक्टरांनी मात्र जुनी ओळ पाठ केलेली आहे, आणि ती ओळ त्यांच्या लेखणीतून आपोआप जाणार नाही. त्यांच्यासाठी पुन्हा प्रशिक्षण हवं, तेही लवकर.

तोवर एवढं लक्षात ठेवा आणि शेजारीपाजारी सांगा. पीडितेच्या संमतीशिवाय तिची वैद्यकीय तपासणी करता येत नाही. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला तिच्यावर ताबडतोब आणि मोफत प्रथमोपचार आणि उपचार करावेच लागतात. दोन बोटांची चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 31 ऑक्टोबर 2022 रोजी स्पष्ट सांगितलं आहे. ती कुणी करू लागलं तर ‘नाही’ म्हणा, आणि अहवालात कौमार्याबद्दल ओळ दिसली तर वकिलाकरवी त्यावर लेखी हरकत घ्या.